गुडघ्याची फिर्याद आणि सावलीची लांबी

माझ्या नोकरीची एकतीस वर्षे एका दप्तरखान्यात गेली. जुन्या कागदांना ऊन सोसत नाही, उन्हाने शाई उडते आणि कागद पिवळा पडून मोडू लागतो, म्हणून त्या दालनाच्या खिडक्या कायमच्या बंद करून टाकलेल्या होत्या. आणि ज्या प्रकाशापासून कागदांचे रक्षण करावयाचे, त्याच प्रकाशावाचून कागद सांभाळणाऱ्या माणसांच्या हाडांचे काय होत असेल, हा प्रश्न त्या बंदोबस्तात कोणाच्या मनात आला नाही, माझ्याही आला नाही. सकाळी साडेनऊला आत जावे, दुपारी डबा मेजावरच उघडावा आणि सायंकाळी दिवेलागणीच्या सुमारास बाहेर पडावे, हा क्रम इतका अंगवळणी पडला होता की वैशाख कोणता आणि मार्गशीर्ष कोणता हे मला दिनदर्शिकेवरूनच कळे. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारी भावंडे अक्का म्हणतो, तीही दुसऱ्या एका कचेरीत हिशेबनीस म्हणून आयुष्यभर अशाच ट्यूबलाइटच्या उजेडात बसली. पन्नाशी उलटल्यावर, योगायोगाने एकाच वर्षी, आम्हा दोघांचेही गुडघे दुखू लागले.

अक्काचे दुखणे असे होते की, देवासमोर पाटावर बसली म्हणजे उठताना तिला दोन्ही हात जमिनीला टेकावे लागत. जिना चढताना ती कठडा धरून शरीर अक्षरशः वर ओढून घेई. आणि गुडघ्याबरोबरच मांड्या, कंबर, नडगी, बरगड्या अशी सारीच हाडे तिला रात्री ठणकत. माझे दुखणे निराळे होते. सकाळी उठल्यावर गुडघा काही मिनिटे आखडलेला असे, चार पावले टाकली की मोकळा होई, जिना उतरताना आतल्या बाजूस कळ येई आणि वाकवताना आतून कुरकुर ऐकू येई. डॉक्टरांनी दोघांच्याही रक्तातील 'ड' जीवनसत्त्व तपासले. अक्काचे दर मिलिलिटरमागे ६ नॅनोग्रॅम निघाले, माझे १७. दोन्ही आकडे उणेच. दोघांनाही पुड्या मिळाल्या. चार महिन्यांनी अक्का हात न टेकता पाटावरून उठली. माझा रक्तातला आकडा दुपटीने वाढला, आणि गुडघा होता तसाच राहिला.

एकाच घरातील दोन माणसे, एकच तक्रार, एकच औषध, आणि फळ मात्र भिन्न. हे असे का झाले, हे समजून घेण्यासाठी मी त्यानंतर बरेच वाचले आणि जाणत्या वैद्यांना पुष्कळ विचारले. त्यातून जे हाती आले ते येथे सविस्तर मांडावेसे वाटते. कारण आज बँकेच्या खिडकीमागे, संगणकासमोर, मागावर, शिलाईयंत्रावर, रुग्णालयाच्या रात्रपाळीत आणि चार भिंतींच्या स्वयंपाकघरात ज्यांचा दिवस जातो, अशा असंख्य लोकांच्या गुडघ्यांचा हा प्रश्न आहे, आणि त्याविषयी एका बाजूस संपूर्ण उपेक्षा तर दुसऱ्या बाजूस अवाजवी आशा, अशी दोन टोके मला सर्वत्र दिसतात.

बैठ्या आणि बंदिस्त कामाने माणसाचे शरीर झिजते, ही जाणीव नवी नाही. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या व्याधींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात शिंप्यांसारख्या बसून काम करणाऱ्यांची दुखणी नोंदवून, निदान सुट्टीच्या दिवशी तरी या लोकांनी अंगमेहनत करावी, असा कळकळीचा सल्ला त्याने दिला आहे. ऊन आणि हाडे यांचा संबंध मात्र एकोणिसाव्या शतकात उमगू लागला. वॉर्सा शहरातील मुलांत मुडदूस फार आणि आसपासच्या खेड्यांतील मुलांत तो क्वचित, हे पाहून येंजेय स्न्यादेत्स्की या पोलिश वैद्याने १८२२ साली उन्हाचाच उपचार सुचविला. पुढे थिओबाल्ड पाम हा वैद्यकीय धर्मोपदेशक जपानमधून इंग्लंडला परतला, तेव्हा जपानात जो रोग त्याला जवळजवळ दिसलाच नव्हता, तो मायदेशी जागोजाग पाहून तो चकित झाला. त्याने पूर्वेकडील देशांतल्या आपल्या सहकाऱ्यांना पत्रे पाठवून माहिती मागविली आणि १८९० साली निष्कर्ष मांडला की, मुडदूस हा अन्नाच्या तुटवड्यापेक्षा सूर्यप्रकाशाच्या तुटवड्याचा रोग आहे. या दोघांकडेही त्यांच्या काळाने फारसे लक्ष दिले नाही.

पहिल्या महायुद्धानंतरच्या तीन-चार वर्षांत हे कोडे दोन बाजूंनी सुटले. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की याने मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण सोडले, आणि त्यांची मऊ पडलेली हाडे भरून येऊ लागली. विशेष हे की, किरण एका हातावर पडले तरी दोन्ही हातांची हाडे सुधारत, म्हणजे त्वचेत काहीतरी निर्माण होऊन ते रक्तावाटे सर्व शरीरभर पोहोचत होते. त्याच सुमारास इंग्लंडात एडवर्ड मेलनबी याने घरात कोंडून ओटच्या लापशीवर वाढवलेल्या कुत्र्यांच्या पिल्लांना मुडदूस होतो आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो बरा होतो, हे सिद्ध केले. १९२२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ एल्मर मॅकॉलम याने त्या तेलातील हा गुण 'अ' जीवनसत्त्वाचा नसून एका वेगळ्याच द्रव्याचा आहे असे दाखविले. अ, ब, क ही अक्षरे आधीच वापरात असल्यामुळे या नव्या द्रव्याच्या वाट्याला 'ड' हे अक्षर आले.

आणि याच १९२२ सालचा एक दाखला आपल्या नाशिकचा आहे, जो प्रत्येक मराठी वाचकास माहीत असावा असे मला वाटते. हचिसन आणि शहा या दोन संशोधकांनी त्या भागातील मुडदुसाचा अभ्यास करून नोंदविले की, दूध, अंडी यांना पारखी असलेली, केवळ धान्यावर जगणारी, पण उघड्यावर राबणारी गरीब कुटुंबे या रोगापासून जवळजवळ मुक्त आहेत. उलट, खाण्यापिण्याची ददात नसलेल्या, परंतु पडद्याची वहिवाट पाळणाऱ्या हिंदू व मुसलमान घराण्यांतील स्त्रिया आणि मुले यांत तो विपुल आहे. पुढे कॅथलीन वॉन या वैद्यक स्त्रीने काश्मीरमधील पडदानशीन मातांची मऊ पडलेली, वाकलेली कटिअस्थी पाहून हाच निवाडा दिला. शंभर वर्षांपूर्वी उन्हापासून वंचित करणारी जी भिंत जनान्याची होती, ती आज कचेरीची, कारखान्याची आणि सदनिकेची झाली आहे. भिंत बांधण्याचे कारण बदलले, तिच्या आतील हाडांची अवस्था बदलली नाही.

आता शरीरातील व्यवहार पाहू. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जातीचे एक द्रव्य असते. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण त्यावर पडले म्हणजे त्याचे रूपांतर होऊन, देहाच्या उष्णतेने पुढचा पालट घडून, 'ड' जीवनसत्त्व तयार होते. ते यकृतात एक संस्कार घेते आणि मूत्रपिंडात दुसरा. आणि या दुसऱ्या संस्कारानंतर ते इतके प्रभावी होते की त्यास जीवनसत्त्व म्हणण्यापेक्षा संप्रेरक म्हणणेच अधिक उचित ठरते. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्याचा परवाना जणू तेच देते: त्याच्या अभावी आहारातील कॅल्शियमचा केवळ दहावा ते सातवा हिस्सा अंगी लागतो, ते पुरेसे असता तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. रक्ततपासणीत आपण मोजतो ते यकृतातून निघालेले रूप. ते रक्तात दोन-तीन आठवडे टिकते आणि म्हणून शिलकीचा अंदाज त्यावरून बरा येतो.

या व्यवहारातील दोन-तीन गोष्टींबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. पहिली काचेची. खिडकीच्या काचेतून ऊन आत येते, ऊब देते, डोळे दिपवते. परंतु ज्या आखूड किरणांनी 'ड' जीवनसत्त्व बनते ते किरण साधी काच जवळजवळ पूर्णपणे अडवते, म्हणून काचेच्या भिंतींच्या झगझगीत कार्यालयात दिवसभर उजेडात बसलेला मनुष्य या दृष्टीने माझ्या दप्तरखान्यातल्याइतकाच अंधारात असतो. दुसरी कोवळ्या उन्हाची. तान्ह्या बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरण्याची आपली रीत मायेची आहे आणि त्या उन्हाचे सुख खरे आहे. परंतु सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना वातावरणातून तिरपा, लांबचा पल्ला काटावा लागतो, वाटेतच ओझोन त्यांतील आखूड किरण गिळून टाकतो, आणि त्वचेपर्यंत जे पोहोचते त्यात हे सामर्थ्य फारच थोडे उरते. तिरुपती येथील संशोधकांनी केलेल्या अभ्यासात ११ ते २ ही वेळ सर्वांत फलदायी आढळली. घड्याळ नसले तरी चालेल असा एक नियम आहे: आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल तेव्हाच त्वचेचे हे काम जोमाने चालते.

तिसरी गोष्ट आपल्या वर्णाची. त्वचेतील कृष्णरंजक हे निसर्गाचे छत्र आहे. ते जळण्यापासून वाचवते आणि त्याच कारणाने 'ड' जीवनसत्त्वाच्या निर्मितीचा वेगही मंदावते, म्हणून गोऱ्या त्वचेस जेवढे ऊन पुरते त्याहून सावळ्या त्वचेस अधिक लागते. त्यात धुराने व धुळीने माखलेली शहराची हवा, अंगभर कपडे आणि पावसाळ्यातील ढगांचे चार महिने यांची भर पडते. सूर्याने मात्र या व्यवहारात एक औदार्य ठेवले आहे: ऊन अधिक झाले तर त्वचा जादा द्रव्याचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करून टाकते, त्यामुळे उन्हातून या जीवनसत्त्वाचा विषारी अतिरेक होऊ शकत नाही. पुडीच्या अंगी हे औदार्य नाही, हे पुढे ध्यानात ठेवावे.

सूर्याच्या देशात सूर्याचा दुष्काळ आहे, याचा पुरावा गेल्या पाव शतकात भरपूर साचला आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात रुग्णालयात दिवस घालवणारे डॉक्टर व परिचारिका यांची पातळी अत्यंत खाली, आणि उघड्यावर कवायत करणाऱ्या सैनिकांची सर्वांत वर आढळली; म्हणजे ज्यांनी इतरांना आरोग्य सांगायचे त्यांच्याच हाडांची थकबाकी सर्वाधिक होती. तिरुपतीकडील अभ्यासात शेतात राबणाऱ्या ग्रामस्थांच्या रक्तातील सरासरी २१ नॅनोग्रॅमच्या आसपास, तर शहरवासीयांची १३ ते १४ इतकीच होती. आपल्या पुण्यात झोपडवस्तीतील बालकांविषयी झालेल्या अभ्यासातही, बाहेर उन्हात खेळावयास मिळणाऱ्या मुलांच्या तुलनेत, दिवसभर घरात राहणाऱ्या मुलांत मुडदुसाची लक्षणे अधिक आढळली होती. जगभरातील व्यवसायवार पाहणींचा जो एकत्रित आढावा कॅनडातील संशोधकांनी २०१७ साली घेतला, त्याचा हिशेब असा: पाळीत काम करणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के, बंदिस्त जागेत काम करणाऱ्यांपैकी ७८ टक्के आणि उघड्यावर काम करणाऱ्यांपैकी ४८ टक्के लोकांत ही उणीव होती. इचलकरंजी-मालेगावचा यंत्रमाग कामगार, भिवंडीच्या गोदामातील हमाल, सोलापुरात घराच्या ओटीवर बसून विडी वळणारी स्त्री आणि हिंजवडीत परदेशच्या घड्याळाप्रमाणे रात्री काम करणारा तरुण यांचे वेतन, वेष, भाषा निरनिराळी असली तरी या एका बाबतीत ते सारे एकाच पंक्तीत बसलेले आहेत.

आता गुडघ्याकडे वळतो. 'ड' जीवनसत्त्वाची तूट तीव्र व दीर्घ झाली म्हणजे लहानपणी जो मुडदूस होतो त्याचेच प्रौढ रूप उद्भवते, ज्याला अस्थिमृदुता म्हणतात. हाड सतत मोडत-बांधत राहणारी वास्तू आहे. मऊ पायाद्रव्य प्रथम रचले जाते आणि मागाहून त्यात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार भरले जातात. क्षार न मिळाल्यास ते पायाद्रव्य ओल्या गिलाव्यासारखे तसेच राहते, हाडावरील संवेदनशील आवरणास आतून ताण देते, आणि खोल, ठणकणारी, नेमके बोट ठेवता न येणारी वेदना सुरू होते. नडगीवर किंवा छातीच्या हाडावर अंगठ्याने दाबले असता दुखते, हे त्याचे एक चिन्ह. शिवाय स्नायूंनाही या जीवनसत्त्वाची गरज असते, आणि त्याच्या अभावी प्रथम खचतात ते मांड्यांचे व कमरेचे मोठे स्नायू. त्यामुळे बसल्याजागेवरून उठणे, जिना चढणे, बसगाडीच्या पायरीवर पाऊल टाकणे जड होते. गुडघा हा या स्नायूंचा आश्रित आहे. त्यांनी हात सोडला की भार सारा त्याच्यावर पडतो, आणि फिर्याद तोच घेऊन येतो. अक्काचा गुडघा स्वतः फारसा बिघडलेला नव्हता. तो वरच्या हाडांची आणि स्नायूंची तक्रार वाहून आणत होता.

माझी गोष्ट वेगळी होती. गुडघ्यात दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. त्याला रक्तवाहिन्या नाहीत. चालताना त्यावर दाब येतो आणि सुटतो, तेव्हा सांध्यातील वंगणासारखा द्रव त्यात पिळला जातो, शोषला जातो, आणि याच हालचालीवर त्याचे पोषण होते. तासन्‌तास गुडघा मुडपून बसणाऱ्याचे हे पोषण मंदावते, मांडीचा पुढचा स्नायू वापराअभावी रोडावतो, पोटाचा घेर वाढतो, आणि सपाटीवर चालतानासुद्धा शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने जो भार पावलागणिक गुडघ्यावर येतो, तो वर्षानुवर्षे वाढत जातो. ही झिजेची संधिवाताची वाट आहे, आणि क्ष-किरण चित्रात माझ्या सांध्याची आतली फट अरुंद झालेली स्पष्ट दिसत होती. या वाटेवर 'ड' जीवनसत्त्व काय करू शकते, याविषयीचे संशोधन वाचताना माझ्याच अनुभवाचा उलगडा मला झाला.

मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम या गावच्या रहिवाशांचा जो प्रदीर्घ अभ्यास चालू आहे, त्यातून १९९६ साली असे निघाले की, ज्यांच्या शरीरात हे जीवनसत्त्व कमी, त्यांच्या गुडघ्याची झीज पुढे सरकण्याचा धोका सुमारे तिप्पट. या वार्तेने मोठी आशा निर्माण झाली. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. गुडघा दुखणारा मनुष्य घराबाहेर कमी पडतो, त्यामुळे उन्हाची तूट ही दुखण्याचे फळही असू शकते, आणि स्थूलपणात दोन्ही एकदम घडतात. म्हणून खरी परीक्षा झाली ती निम्म्यांना औषध व निम्म्यांना औषध नसलेली तशीच गोळी देऊन. २०१३ साली बॉस्टनच्या संशोधकांनी १४६ रुग्णांवर दोन वर्षे, २०१६ साली ऑस्ट्रेलियात ४१३ रुग्णांवर दोन वर्षे, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन परीक्षेत गुडघेदुखी असलेल्या १,३९८ लोकांवर पाच वर्षांहून अधिक काळ हा प्रयोग झाला. तिन्ही ठिकाणी उत्तर तेच आले, की औषध घेणाऱ्यांच्या आणि न घेणाऱ्यांच्या वेदनेत लक्षणीय फरक पडला नाही. लखनौ येथे मात्र, आरंभीच पातळी कमी असलेल्या १०७ रुग्णांवर झालेल्या वर्षभराच्या छोट्या प्रयोगात वेदनेत थोडा उतार आढळला.

या निष्कर्षांचा अर्थ मला असा दिसतो. हे जीवनसत्त्व रिकामे भांडे भरते. भरलेल्या भांड्यात ते आणखी ओतल्याने काही साधत नाही. ज्याचे हाड खरोखर मऊ पडले आहे आणि स्नायू खचले आहेत, त्याला ते जवळजवळ नवे पाय देते; ज्याची कूर्चा झिजली आहे, तिला ते पुन्हा उगवू शकत नाही. एकाच तक्रारीमागे दोन रोग उभे असतात, आणि पुष्कळदा ते एकाच माणसात शेजारी शेजारी नांदतात. म्हणून रक्ताच्या अहवालातील आकड्याला साक्षीदार मानावे, न्यायाधीश मानू नये. निवाडा करावयाचा तो रुग्णाला पाटावरून उठवून, जिना चढवून, नडगी दाबून आणि गुडघा तपासून. हे काम घाईत होत नाही, आणि नेमक्या याच घाईमुळे एका अक्काला 'वय झाले' असे सांगून परत पाठवले जाते, तर माझ्यासारख्याला महिनोन्‌महिने केवळ पुड्यांवर विसंबून ठेवले जाते. अक्काने तीन वर्षे ते वाक्य ऐकले होते. तिची ती तीन वर्षे परत मिळणार नाहीत, याचे मला आजही दुःख आहे.

आकड्यांविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण अहवालाच्या कागदावरील तांबड्या अक्षरांनी लोक घाबरून जातात. १२ नॅनोग्रॅमच्या खाली गेलेली पातळी हाडांस घातक, हे सर्वमान्य आहे. २० च्या वर बहुतेक निरोगी माणसांच्या हाडांची गरज भागते, असे अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने ठरविले. अंतःस्रावशास्त्रज्ञांच्या तेथील संघटनेने २०११ साली ३० ची मर्यादा पुढे केली होती. ती २०२४ साली त्यांनी स्वतःच मागे घेतली आणि ज्यांना काही तक्रार नाही अशा निरोगी प्रौढांनी सरसकट ही तपासणी करू नये असा सल्ला दिला. ज्यांना हाडे ठणकण्याची, उठण्या-चढण्याची अडचण आहे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांनी ती अवश्य करावी.

पुडीचे म्हणाल तर, आपल्याकडे ६०,००० युनिटांची पुडी आठवड्यातून एक, याप्रमाणे साधारण आठ आठवडे देण्याचा प्रघात आहे, आणि खऱ्या तुटीत तो योग्यच आहे. मात्र ती डॉक्टरांच्या हुकुमाने आणि मुदतीने घ्यावी. आठवड्याची पुडी चुकून रोज घेणारे, किंवा सहा-सहा लाखांची सुई पुनःपुन्हा टोचून घेणारे लोक असतात. त्यांच्या रक्तात कॅल्शियम चढून तहान, वांत्या, बुद्धिभ्रम आणि मूत्रपिंडाचा बिघाड ओढवतो. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटे देऊन पाहिली, तेव्हा २०१० साली असे उघड झाले की त्यांच्यात पडण्याचे आणि हाडे मोडण्याचे प्रमाण उलट वाढले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी रोजची जी मात्रा ठरविली ती ६०० युनिटांची आहे, आणि कॅल्शियमची १,००० मिलिग्रॅमची. हे दुसरे अंग विसरू नये. कॅल्शियमच नसेल तर ते शोषण्याचा परवाना काय कामाचा? नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. दूध, दही, तीळ यांत विपुल. 'ड' जीवनसत्त्व अन्नात मुळातच थोडे: बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे आणि अंड्याचा बलक एवढाच त्याचा ठेवा. शाकाहारी माणसाला सूर्य, पुष्टीकृत दूध-तेल किंवा औषध यांवाचून चौथी वाट नाही.

झिजलेल्या गुडघ्यासाठी जे उपाय सिद्ध झाले आहेत ते साधे आणि चिकाटीचे आहेत. खुर्चीत बसून पाय सरळ ताणून धरणे आणि हळूहळू खाली आणणे, खुर्चीतून हाताच्या आधारावाचून उठणे-बसणे, सपाटीवर नियमाने चालणे. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की तो गुडघ्याचा निम्मा भार उचलतो असे निदान माझ्या गुडघ्याने तरी मला शिकविले. स्थूल रुग्णांवरील एका अभ्यासात, घटलेल्या प्रत्येक किलोमागे पावलागणिक गुडघ्यावरील भार चार किलोंनी घटतो, असे आढळले आहे. दर तासाला पाच मिनिटे उठावे, पाय मोकळे करावेत. मला आराम पडला तो या कवायतीने, सहा महिन्यांनी. आकडा वाढल्याने नव्हे.

एक गोष्ट मात्र एकट्या माणसाच्या हातची नाही. सकाळी अकरा ते दुपारी दोन ही वेळ कचेरीच्या मालकीची असते. ज्या वेळी त्वचेला काम करावयाचे असते, त्याच वेळी माणूस कुलुपात असतो. मग त्याला ऊन घ्या असे सांगणे हे उपाशी माणसाला जेवा असे सांगण्यासारखे आहे. गच्चीचे दार उघडे ठेवणे, जेवणाच्या सुट्टीत पंधरा-वीस मिनिटे अधिक देणे, कारखान्याच्या आवारात चालण्यास मोकळी जागा राखणे, रात्रपाळीच्या कामगारांची डॉक्टरी तपासणी करणे, यांस खर्च फार थोडा लागतो. विदर्भात, मराठवाड्यात चैत्र-वैशाखाच्या उन्हात दुपारी कोणी बसू नये, उष्माघात हा खरा धोका आहे. तेथे तेवढे दोन महिने वेळ अलीकडे ओढावी. पण वर्षातील उरलेल्या काळात हात, पाय, चेहरा उघडा ठेवून, त्वचा तांबूस होऊन चुरचुरण्याच्या आत परतणे, आठवड्यातून तीन-चार दिवस, एवढे तरी प्रत्येक काम करणाऱ्याच्या हक्कात बसावे. ज्या दप्तरखान्यात कागदांसाठी खिडक्या बंद करण्याचा हुकूम निघू शकतो, तेथे माणसांसाठी दार उघडण्याचा हुकूमही निघू शकेल.

आता आम्ही दोघेही सेवानिवृत्त आहोत आणि एकाच वाड्याच्या दोन बिऱ्हाडांत राहतो. अक्का रोज देवपूजा आटोपून पाटावरून उठते, तेव्हा आजही माझे लक्ष नकळत तिच्या हातांकडे जाते. ते जमिनीला लागत नाहीत. मग ती अंगणात येऊन तुळशीपाशी क्षणभर थांबते, फरशीवर पडलेली आपली सावली पायांपासून डोक्यापर्यंत नजरेने मोजते, आणि ती आखूड झाली असली म्हणजे माझ्या दाराशी येऊन हाक मारते, "ऊठ रे, सावली आखूड झाली. चल."

मी उठतो. गुडघा अजून थोडा कुरकुरतो, पण चालतो.